विसावं पान

फाईल कशी हलवायची हे अख्ख्या सोलापुरात आपल्यालाच कळतं, असा तात्याबा कारकुनाचा पक्का समज होता. सात रस्त्याजवळच्या शिक्षण कचेरीत बावीस वर्षं काढलेली! म्हणून तर १९७४ च्या मार्चात हेमावतीबाई रडकुंडीला येऊन टेबलापुढं उभ्या राहिल्या, तेव्हा तो नुसता हसला.

बाई वैरागच्या शाळेत शिक्षिका. चार वर्षांची लेक सोलापुरात सासूपाशी. शनिवारी बाई घरी आल्या की लेक ओरडायची, "आजी, पाहुणी आली!" बदलीचा अर्ज साहेबांनी न वाचताच नाकारलेला. पुन्हा दिला, तर आवक टेबलावरचा चनबसप्पा नोंदवही उघडायचा. नाव तेच, पानं तीच एकोणीस, म्हणजे फाईल जुनीच! लगेच परत.

"आतल्या अक्षराला हात लावायचा न्हाय," तात्याबा म्हणाला. "शेवटी एक कोरा कागद लावायचा, वर आकडा टाकायचा वीस. चनबसप्पाच्या लेखी फाईल नवी!"

"पण भाऊसाहेब, काही घोटाळा झाला तर?"

"कोऱ्या कागदात कसला घोटाळा, बाई!"

चनबसप्पानं पानं मोजली, शिक्का मारला. फाईल साहेबांपुढं गेली. ह्या खेपेला साहेबांनी ती चक्क वाचली! सहीसाठी पेनाचं टोपण काढलं आणि सहज पान उलटलं.

"तात्याबा! विसाव्या पानावरचा मजकूर कुठाय?"

तात्याबानं डोक्यावरची टोपी सारखी केली. "साहेब, त्यो... मागनं येनार हाय."

"मग आल्यावर सही करू." टोपण लागलं!

बाईंना पत्र गेलं: विसाव्या पानाचा मजकूर त्वरित सादर करावा. बाईंनी भाबडेपणानं कळवलं: त्या पानावर काहीच नव्हतं. साहेबांना वाटलं, बाई काहीतरी दडवतायत. चौकशी लागली! तात्याबाला भाकरी गोड लागेना. एप्रिलच्या दोन तारखेला त्यानं सगळं कबूल केलं.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, मी सही करतच होतो! बदल्यांची मुदत परवाच संपली."

तात्याबा त्याच दुपारच्या एसटीनं वैरागला गेला. मान खाली घालून म्हणाला, "बाई, चुकलं माजं." बाईंनी डोळे पुसले, चहा दिला. निघताना मात्र त्याला राहवेना.

"फुडच्या वर्षी बगा, बाई, एका दिवसात..."

"पुढच्या वर्षी अर्ज मीच नेऊन देईन, भाऊसाहेब." बाईंनी हात जोडले. "तुम्ही त्या दिवशी तेवढी रजा काढा!"