फुलदाणीचा फोटो, सर्वांसाठी खुला

चिनी मातीच्या फुलदाणीचा गळा. सासरेबुवांचं टक्कल, उन्हात. गिझरची गळती, प्लंबरला दाखवायला. माझं पाऊल, चुकून.

हे सगळं एकाच फोल्डरमध्ये होतं.

सासरेबुवांच्या निवृत्तीच्या फोटोंची ऑनलाइन गॅलरी म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. फोल्डर द्यायचा, बटण दाबायचं, झालं.

"आधी एकदा बघून तरी घे," बायको म्हणाली.

"त्यात काय बघायचंय?"

सगळ्या नातेवाइकांना लिंक पाठवली आणि मग चहा घेऊन स्वतः बघायला बसलो. प्रोग्रॅम फारच कामसू निघाला. प्रत्येक फोटोखाली त्याने फाइलचं नाव छापलं होतं. टकलाखाली 'सत्कार'. पुढच्या फोटोत टेबलावर पसरलेले तुकडे, आणि खाली ठळक अक्षरांत: 'सासूबाईंना कळता कामा नये'.

फुलदाणी त्यांचीच. सजावटीला मी मागून आणली, मीच कॅमेऱ्याच्या स्टँडने पाडली, आणि तशीच दुसरी मिळते का हे दुकानात विचारायला तुकड्यांचा फोटो काढला. फाइलला नाव दिलं, म्हणजे चुकून कुणाला पाठवला जायला नको.

फोटो पुसला. कॉम्प्युटरवरून गेला, गॅलरीत तसाच. गॅलरी पुन्हा केली. आता तो पहिल्याच पानावर, पानभर.

"अगं, हा वर कसा आला?"

"तू काय दाबलंस?"

"सगळं."

फोन वाजला. सासूबाई.

"जावईबापू, फोटो पाहिले."

"आई, मी दुसरी आणून देतो..."

"हळू बोला. हे शेजारीच बसलेत, चष्मा शोधताहेत. तो फोटो आधी काढा."

"पण आई, फोडली मी."

"तुम्ही दुसऱ्यांदा. कडांना डिंक दिसतोय ना माझा. ह्यांच्या ताईंनी दिलेली आहे ती. ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील."

"सापडला गं चष्मा," मागून सासरेबुवांचा आवाज आला.

बायकोने माझ्या हातातून माउस हिसकावला आणि एकच बटण दाबलं. फोटो गेला. मी श्वास सोडतो न सोडतो तोच माझा फोन वाजला, तिचा वाजला, आणि पलीकडे सासरेबुवांचाही वाजलेला ऐकू आला. कामसू प्रोग्रॅमने सगळ्यांना कळवलं होतं: 'गॅलरीतून एक फोटो काढला आहे. नाव: सासूबाईंना कळता कामा नये.'

मग सगळं सांगावंच लागलं, तेव्हा कळलं: सासरेबुवांना ती फुलदाणी घरात आली त्या दिवसापासून आवडत नव्हती.