भिंतीपाशी मारलेली मूठ

अण्णांनी हिरवळ जाळली ती प्रेमापोटी. लेकीच्या बाळंतपणाला जाताना बायको बजावून गेली होती, "नुसतं पाणी घाला. डोकं चालवू नका." अण्णांनी डोकं चालवलं. महिनाभराचं खत एका सकाळी ओतलं, आणि तिने लेकरासारख्या वाढवलेल्या हिरवळीला थेट भिंतीपर्यंत टक्कल पडलं. ती यायच्या आत ते झाकलं नाही तर आपली धडगत नाही, हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं.

रोपवाटिकावाल्याने सांगितलं, माती खरवडा आणि उरल्यासुरल्या गवतावरच नवं बी पेरा. तिन्हीसांजेला अण्णा त्याचाच फोन कानाशी धरून पेरत होते. "हो, मूठच मारतोय. भिंतीपाशी जरा जोरात मारली. आठ दिवसांत गुण दिसेल ना?"

पेरताना मूठ टाकतात. मारतात ती मूठ वेगळी, करणीची, आणि ती ज्याच्यावर मारतात तो माणूस उरत नाही म्हणतात. पण अण्णांचा जन्म कचेरीत गेलेला. भिंतीपलीकडे निवृत्त मास्तर दोरीवरचे कपडे काढत होते. त्यांच्या हातातला चिमटा गळून पडला.

सकाळी मास्तर भिंतीवरून डोकावले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"अण्णा, आपलं काही वाकडं आहे का हो?"

"छे! का?"

"काल रात्रीपासून मान धरलीय."

अण्णांचं सगळं लक्ष मातीत. "हं," ते म्हणाले. "आठ दिवसांत सगळं झाकलं जाईल."

मास्तर भिंतीआड गेले ते पुन्हा दिसलेच नाहीत.

त्या संध्याकाळी अण्णांना घरामागून आवाज आला. सर्रर्र. वाळल्या पानांवर कुणी बारीक दाणे टाकावेत तसा. बाहेर कुणीच नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच, आणि पुढे रोजच. मग माती फुटली. पण गवताला पातं येतं, इथे प्रत्येक कोंबाला दोन गोल पानं आली, आणि सगळे कोंब घराकडे तोंड करून उभे. पेरावं तसं उगवतं म्हणतात. अण्णांनी मागची खिडकी कडी लावून घेतली. त्यांना खरोखरच भीती वाटत होती.

बायको आली ती तडक मागे गेली. एक पान चुरगळून तिने हुंगलं.

"इथे मोहरी कुणी टाकली?"

"मी, वहिनी," भिंतीवरून मास्तरांचा रडवेला आवाज आला. "यांनी माझ्यावर मूठ मारली. ती उलटवायला टाकली."

उलगडा झाला तेव्हा बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मास्तरांची मान तिथल्या तिथे मोकळी झाली. मग डोळे पुसता पुसता तिची नजर पिवळ्या, करपलेल्या कडेवर गेली.

"ते असू दे. पण मुळात ही हिरवळ जळली कशी?"

विषय टाळायला अण्णा मास्तरांकडे वळले. "रोज संध्याकाळी मोहरी टाकत होतात, निदान सांगायचं तरी!"

"रोज? मी एकदाच टाकली. तीसुद्धा सकाळी. संध्याकाळी मला सर्रर्र ऐकू येतं ते तुमचंच ना?"

ऊन भिंतीवरून उतरलं होतं. तिघांच्या मधल्या रिकाम्या मातीवर काहीतरी पडलं. सर्रर्र.

मास्तरांचं डोकं भिंतीमागे गडप झालं. बायकोने अण्णांचा दंड पकडला आणि दाराकडे ओढलं.

"अगं, खरं सांगतो," अण्णा काकुळतीला आले, "ती हिरवळ मीच..."

"जळू दे मेली ती हिरवळ! आधी आत चला!"