कोरे मॅडमच्या पट्ट्या

दोन हजार तेवीस साल, माझं वय एकाहत्तर. त्या साली उमरग्यात पत्रिका छापायला आलेला जो तो मला बजावायचा, "काका, कोरे मॅडमला एक बी पत्रिका देऊ नका."

मॅडम कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. लग्नाला आल्या की विहीणबाईच्या शेजारी बसायच्या अन् अक्षता पडायच्या आधी विचारायच्या, "तुमच्या आईला छातीत गाठ झालती का? मावशीला? कितव्या वर्षी?" एक विहीण म्हणाली, "मॅडम, तुम्ही आधी जेवून घ्या." मॅडम पंगतीत बसल्या अन् तिच्या नणंदेला विचारलं.

पन्नाशीची एकटी बाई. खांद्याला झोळी, झोळीत बर्फाचा थर्मास. चिडल्या की कानडीत शिरायच्या, "साकु, काका, साकु!" म्हंजे पुरे.

मी शाळा दुसरीत सोडली. पण स्क्रीन प्रिंटिंगमधी माझा हात धरणारा तालुक्यात न्हाय. एक दिवस मॅडम करंट वाहणाऱ्या काळ्या शाईचा डबा घेऊन दुकानात आल्या. प्लास्टिकवर बोटाएवढ्या पट्ट्या छापायच्या होत्या, साखर तपासायची असती तशा.

"रक्तातला बारीक अंश हिच्यावर टाकायचा अन् यंत्राला जोडायची. कॅन्सरची खोड आईबापाकडनं आली असंल तर करंट कमी पडतो."

"म्हंजे कॅन्सर कळतो?"

"न्हाय ओ. व्हायचा धोका कळतो. मोठ्या शहरातली तपासणी आपल्या बायांना परवडत न्हाय. ही चहाच्या भावात झाली पाहिजे."

पहिल्या खेपेला म्या हरेक पट्टीच्या माथ्यावर 'श्री' छापला. माझ्या दुकानातनं बिनश्रीचं काय जात न्हाय.

"काका, श्रीतनं करंट जातोय!"

"जाऊ द्या की. चांगलाच जाईल."

"साकु!"

आठवडाभर भांडलो. शेवटी 'श्री' पट्ट्या भरायच्या डब्यावर गेला, पट्ट्या उघड्याबोडक्या राहिल्या. वर मॅडम भिंग लावून रेघन्‌रेघ बघणार. एवढं तर नवरीची आई बी बघत न्हाय. माझी कंबर मोडली, पण काम सोडलं न्हाय.

दिवाळीनंतर पट्ट्या चालायला लागल्या. कॉलेजातल्या दोघा मास्तरांनी रक्त दिलं, त्यांच्या घरात कॅन्सर न्हाय अन् करंट बी पुरा आला. मॅडमनी पेढे आणले. पुढच्याच आठवड्यात दारात उभ्या, "काका, छपाई खराब हाय. कमी पडू नये तिथं करंट कमी पडतोय."

मला राग आला. पर नवी जाळी ताणली अन् पुन्हा छापलं. चार दिवसांनी परत आल्या, "तुमचीच चूक." पुन्हा छापलं. तिसऱ्यांदा तेच.

म्या हातातला शाई ओढायचा रबर टेबलावर आपटला. "मास्तरांच्या रक्तावर नीट चालत्यात, मग कुणाच्या रक्तावर माझी चूक दिसती?"

मॅडम शाईच्या डब्याचं झाकण फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या."

अन् सांगितलं, आई छातीच्या गाठीनंच गेली. थोरली बहीण बी.

पन्नास वर्षांत म्या माझ्या छपाईला कुणाला नाव ठेवू दिलं न्हाय. त्या दिवशी म्हणालो, "शाई पातळ पडली असंल. घाईत छापलं म्या."

मॅडम हसल्या. "तुम्ही अन् घाईत? छपाई चांगली हाय, काका." झोळी उचलून उभ्या राहिल्या. "आपली पट्टी अजून कच्ची हाय. पक्की तपासणी सोलापूरला, मोठ्या दवाखान्यात. उद्या बोलावलंय. सोबत घरचं माणूस आणा म्हणत्यात." दारापर्यंत गेल्या. "बघू. जाईन एकटीच."

 

दुसऱ्या दिवशी सकाळी म्या दुकान उघडलं न्हाय. धुतलेला सदरा घातला, स्टँडवर गेलो अन् सोलापूरच्या यष्टीत खिडकीतनं टॉवेल टाकून दोन जागा धरल्या.