महासंकटाचे हुलगे

एका जंगलात, एका जुन्या चिंचेच्या बुंध्यातल्या ढोलीत, द्वारकाबाई नावाची खार राहत असे. बाळांनो, खार म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? इकडून तिकडे पळणारी, मिळेल ते कुरतडणारी. द्वारकाबाई तशा नव्हत्या. त्या अध्यक्ष होत्या.

कशाच्या अध्यक्ष? तर 'अखिल जंगल साठवण मंडळा'च्या. दर अमावास्येला त्या वडाच्या पारावर उभ्या राहून भाषण करत. विषय ठरलेला असे. आज खाल्लं ते गेलं, उद्यासाठी ठेवलं ते राहिलं. भाषण संपलं की सगळे प्राणी टाळ्या वाजवत आणि घरी जाऊन पोटभर जेवत.

द्वारकाबाई मात्र बोलत तशाच वागत. त्यांच्या ढोलीत खालपासून वरपर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर डबे. खालच्या फळीवर लहान संकटाचे डबे. मधल्या फळीवर मोठ्या संकटाचे. आणि सगळ्यांत वर, जिथे शिडी लावल्याशिवाय हात पोचत नसे, तिथे महासंकटाचे. त्यांत हुलगे होते, बाजरी होती, तीळ होते, मीठ होतं, गुळाची ढेप होती. लाल मिरच्या आणि लसणाच्या माळाही होत्या.

रोज मात्र घरात भाजलेले चिंचोके असत. सकाळी चिंचोके, संध्याकाळी चिंचोके. द्वारकाबाईंचे यजमान वामनराव हे स्वभावाने गरीब. ते चिंचोके फोडत आणि गप्प बसत. तक्रार करायची तर ती कोणत्या फळीवर बसते हे आधी ठरवावं लागलं असतं.

अडचण एवढीच होती की महासंकट काही केल्या येत नव्हतं. एका उन्हाळ्यात वणवा लागला. द्वारकाबाई म्हणाल्या, वारा उलट्या दिशेला आहे. एका पावसाळ्यात ओढ्याला पूर आला. त्या म्हणाल्या, पाणी अजून उंबऱ्याला लागलेलं नाही. एकदा वामनरावांना सणसणून ताप भरला आणि त्यांनी गरम काहीतरी प्यायला मागितलं. द्वारकाबाईंनी त्यांच्या कपाळावर बराच वेळ हात ठेवला आणि मग सांगितलं, "मध्यम आहे."

आणि मग त्या वर्षीचा हिवाळा आला.

थंडी अशी पडली की पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला. हवामान खात्यातल्या घुबडाने आधी पिवळा इशारा दिला, मग नारिंगी. नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी दिवेलागणीला गारा पडल्या. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. ओढ्याकाठची दरड खचली आणि तिच्यात चिमाबाई मुंगसिणीचं बीळ गेलं.

चिमाबाईचा नवरा सापांच्या कामावर परमुलखात गेलेला. घरात ती आणि तिचे म्हातारे सासरे धोंडबा, अशी दोघंच. तिने सासऱ्यांना चिखलातून ओढून काढलं आणि ती चिंचेशी येऊन उभी राहिली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चिमाबाई आणि द्वारकाबाई यांच्यात मागच्या संक्रांतीपासून बोलणं नव्हतं. चिमाबाई मूठभर तीळ मागायला आली होती आणि तिळांऐवजी तासभर भाषण घेऊन परत गेली होती. तेव्हापासून ती या झाडाखालून जायचीसुद्धा नाही.

आज ती आली. स्वतःसाठी तिने काही मागितलं नाही. "वहिनी, मी बसते दाराशी," ती म्हणाली. "मामंजींना तेवढं आत घ्या."

द्वारकाबाई लोभी असतील, पण दुष्ट नव्हत्या. त्यांनी दोघांनाही आत घेतलं. वामनरावांनी चूल फुंकली. धोंडबा चुलीपुढे बसले, पण त्यांचे दात वाजायचे थांबेनात. पंजे निळे पडले होते. डोळे मिटत चालले होते. सकाळपासून पोटात काही नाही, असं चिमाबाईने हळूच सांगितलं. वामनरावांनी चिंचोके पुढे केले. धोंडबांच्या तोंडात तीनच दात होते. चिंचोका फिरून फिरून तसाच बाहेर आला.

वामनरावांनी बायकोकडे पाहिलं, मग वरच्या फळीकडे. द्वारकाबाईंनीही वरच्या फळीकडे पाहिलं. त्यांच्या मनात हिशेब चालू झाला. घुबडाचा इशारा तर नारिंगीच आहे. आज डबा फोडला आणि उद्या लाल इशारा आला तर? सवयीने त्यांच्या तोंडून प्रश्न निघून गेला. बीळ पूर्ण पडलंय की अर्धंच, असं त्यांनी चिमाबाईला विचारलं.

उत्तर दिलं ते वामनरावांनी, ज्यांनी उभ्या जन्मात या विषयावर तोंड उघडलं नव्हतं.

"मला तुझं मध्यम पुरलं," ते म्हणाले. "या म्हाताऱ्याला नाही पुरायचं."

द्वारकाबाई उठल्या आणि त्यांनी शिडी लावली.

हुलग्यांच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. जोर लावून उघडलं, तेव्हा आतून एक किडा सावकाश काठावर आला आणि भर दुपारी दार वाजवणाऱ्याकडे पाहावं तसा त्यांच्याकडे पाहू लागला. त्याच्यामागे सगळे हुलगे हलत होते. बाजरीत जाळ्या धरल्या होत्या. तीळ खवट झाले होते. गुळाच्या डब्यात गूळ नव्हताच. मुंग्यांनी तो केव्हाच नेला होता आणि डबा आतून चाटूनपुसून लख्ख केला होता. धड राहिलं होतं ते मीठ, मिरच्या आणि लसूण. किड्यांनाही काही आवडीनिवडी असतातच.

द्वारकाबाई शिडीच्या वरच्या पायरीवर डबा मांडीत घेऊन बसल्या. नवऱ्याला तापात घोटभर गरम दिलं नाही. शेजारणीला मूठभर तीळ दिले नाहीत. आणि इथे, आपल्याच डोक्यावर, इतकी वर्षं किड्यांचं अन्नछत्र चालवलं. तेही बिनबोभाट, पंगतीवर पंगती. असा दानशूर जंगलात दुसरा झाला नसेल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना हसू फुटलं. खालून वामनरावांना वाटलं, बायको रडते आहे. तेही अगदीच खोटं नव्हतं.

त्या खाली आल्या, सूप घेतलं आणि पाहुण्यांकडे पाठ करून हुलगे पाखडू लागल्या. चांगले दाणे एकीकडे, किडके दुसरीकडे. दुसरीकडचा ढीग लवकर वाढत होता. तेवढ्यात धोंडबांनी मिटलेले डोळे उघडले आणि नाक वर केलं. बाई काय टाकतायत, असं त्यांनी सुनेला विचारलं.

लपवण्यात अर्थ नव्हता. द्वारकाबाई वळल्या आणि म्हणाल्या, "धोंडबा, माझे हुलगे किडलेत. मी मंडळाची अध्यक्ष आहे, पण माझ्या डब्यात दाणे कमी आणि बिऱ्हाडं जास्त. थोडं थांबा, चांगले निवडून देते."

"किडे टाकताय?" धोंडबा म्हणाले. तूप मोरीत ओतणाऱ्याला विचारावं, असा त्यांचा सूर होता.

चिमाबाईने मान खाली घातली. "वहिनी, आम्ही मुंगसं," ती म्हणाली. "आमच्यात ते चवीनं खातात. पण मागायचं कसं?"

मग चुलीवर दोन पातेली चढली. एक निवडलेल्याचं, एक न निवडलेल्याचं. वामनरावांनी जात्यावर दोन्हींचं वेगवेगळं पीठ काढलं. द्वारकाबाईंनी पाट्यावर मिरची, मीठ आणि लसूण वाटला, निम्मा वाटा पिठात कालवला आणि निम्मा आधणात सोडला. चिमाबाईने पीठ घट्ट मळून दोन्ही तळव्यांत त्याचे लांब शेंगोळे वळले आणि उकळत्या पाण्यात टाकले. बाहेर गारा वाजत होत्या. आत लसणाचा वास ढोलीच्या छतापर्यंत गेला. संक्रांतीचा विषय कोणीच काढला नाही. पण वळता वळता चिमाबाईने शेंगोळ्याचं एक टोक द्वारकाबाईंच्या हातात दिलं, आणि त्यांनी ते नीट दुमडून पाण्यात सोडलं.

धोंडबांनी पहिला वाडगा न बोलता संपवला. दुसऱ्या वाडग्याला त्यांच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्याला त्यांनी सुनेला सांगितलं की तिची सासू गेल्यापासून असं जेवण झालं नव्हतं. पंजांचा निळा रंग गेला होता.

द्वारकाबाईंनीही आपल्या पातेल्यातला रस्सा ओरपला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांत आपल्या डब्यातलं आपण पहिल्यांदाच खातोय, हे त्यांच्या ध्यानात आलं. वामनरावांनी रिकामा वाडगा पुढे केला आणि विचारलं, "अजून आहे?" त्यांनी उरलं होतं ते सगळं वाढलं. कोणत्या फळीवरचं ते पाहिलं नाही.

बाळांनो, गोष्ट इथे संपली असती तर तुम्हीही शहाणे झाला असता आणि जंगलही झालं असतं. पण धोंडबा बरे झाले आणि जंगलभर सांगत सुटले.

आठवड्यात अस्वल आलं. खवल्या मांजर आलं. चिचुंद्री आपल्या मावशीला घेऊन आली. त्यांना ते शेंगोळे हवे होते. द्वारकाबाईंनी तोवर जुने डबे घासून उन्हात पालथे घातले होते आणि ताजे, स्वच्छ हुलगे आणले होते. त्यांनी प्रेमाने रांधून सगळ्यांना वाढलं. अस्वलाने एक घास घेतला आणि वाडगा आदबीने खाली ठेवला. चांगलं आहे, ते म्हणालं, पण धोंडबा सांगतात त्या जुन्याची सर नाही.

पुढच्या अमावास्येला द्वारकाबाई पारावर उभ्या राहिल्या. त्यांनी काही लपवलं नाही. किडे सांगितले, जाळ्या सांगितल्या, मुंग्यांनी चाटलेला डबा सांगितला. वामनरावांचा तापही सांगितला. साठवणीत मी आयुष्य घालवलं आणि खाल्लं दुसऱ्यांनीच, तेव्हा जे आहे ते वेळेवर शिजवा, वाटा आणि खा, असं सांगून त्यांनी अध्यक्षपद सोडलं.

मग अस्वलाने पंजा वर केला.

"बाई," त्याने विचारलं, "हुलगे नक्की किती वर्षं ठेवायचे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजीनामा एकमताने फेटाळला गेला आणि द्वारकाबाई तहहयात अध्यक्ष झाल्या. त्या रात्री प्रत्येक बिळात, प्रत्येक गुहेत शिड्या लागल्या आणि सगळ्यांत वरच्या फळीवर हुलग्यांचे डबे चढले.

द्वारकाबाई मात्र घरी आल्या, त्यांनी चूल पेटवली आणि चिमाबाईला हाक मारली. वेळेवर जेवणारं माणूस आता जंगलात तेवढंच उरलं होतं.

तात्पर्य : धान्य वेळेवर खाल्लं तर नुसतं पोट भरतं. पडून राहिलं तर त्याचं शास्त्र होतं.