कडेचा टाका शेजाऱ्याचा

मोजणीदारांनी आयुष्यात कुणालाही न विचारता एकच निर्णय घेतला, आणि तो कानपट्टी विणायचा होता. (लग्नाचा निर्णय वडिलांनी घेतला होता, निवृत्तीचा सरकारनं.)

त्या वर्षी थंडी अशी पडली होती, की सकाळी नळाखाली हात धरला तर बोटं आपली की परक्याची तेच कळेना. आणि अशा थंडीत बाईंचे कान उघडे! बाई म्हणजे मोजणीदारांची बायको. तीस वर्षं शाळेत शिवण-विणकाम शिकवलं, त्यामुळे सगळं जग त्यांना बाई म्हणायचं, आणि जगाच्या मागोमाग मोजणीदारही. गेल्या दोन वर्षांत बाई एकेक गोष्ट विसरत चालल्या होत्या. आधी चष्मा विसरल्या, मग गॅस बंद करायला, मग लेकीचं नाव. दिवाळखोर दुकानदार शेवटी पाटी उतरवतो तसा सगळ्यात शेवटी नवरा उतरवला. आता त्या मोजणीदारांना आजोबा म्हणायच्या.

कान ठणकले की बाई लहान पोरासारख्या रडायच्या. पण मफलर बांधला की दोन मिनिटांत सोडून खिडकीबाहेर! कानटोपीचीही तीच गत झाली. खालच्या दुकानदारानं ती दोनदा आणून दिली, तिसऱ्यांदा स्वतःच घालून बसला.

"विकतचं मी डोक्याला लावत नाही," बाई म्हणायच्या. "मशीनचा टाका मेला! जीवच नसतो त्यात."

नवरा विसरल्या, पण मशीनच्या टाक्यावरचा राग विसरल्या नाहीत. मोजणीदारांना याचं फार वाईट वाटलं. (खरं सांगायचं तर मशीनचा थोडा हेवाही वाटला.)

"बाबा, मी इथून हातानं विणलेली कानपट्टी पाठवते," लेक फोनवर म्हणाली.

"नको. मी विणतो."

"बाबा, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही."

"क्रोशाच्या सुईला भोकच नसतं," मोजणीदार ऐटीत म्हणाले. विणकामातली तेवढी एकच गोष्ट त्यांना ठाऊक होती.

जाड, विटकरी रंगाची लोकर आली. मोजणीदारांनी क्रोशाची सुई हातात घेतली, आणि खुर्चीत पेंगणाऱ्या बाई एकदम ताठ झाल्या.

"अहो आजोबा! पेन आहे का ते? सही करताय? आणा इकडे." त्यांनी मोजणीदारांची बोटं धरली आणि सुईभोवती बसवली. कित्येक महिन्यांनी त्यांनी आपण होऊन हात धरला होता. मोजणीदारांना भरून आलं.

"लक्ष कुठंय? ॲडमिशन कधी घेतलीत?"

"आजच, बाई."

"असू दे. शिकायला वय नसतं, डोकं लागतं. आहे ना?" असं म्हणून बाईंनी उठावाचा टाका दाखवला. "सुई टाक्याच्या डोक्यात घालायची नाही. कमरेला धरायचं, मागून. मग टाका असा पुढे उठून येतो. त्या उठावात हवा अडकते, तीच ऊब. ओळीला टाके अठरा. मोजता येतं?"

"बाई, मी अख्खे डोंगर मोजलेत."

"डोंगर कुणाला डोक्याला बांधायचे नसतात. टाके मोजा."

अर्ध्या तासात बाई थकल्या. खुर्ची खिडकीकडे वळवून त्यांनी रस्त्यावर नजर लावली.

"कुणाची वाट बघताय?" मोजणीदारांनी विचारलं.

"आमच्या ह्यांची. मोजणीला गेलेत. येतीलच आता."

मोजणीदार बाजूच्याच खुर्चीत, हातात लोकर घेऊन बसले होते. मान खाली घालून टाके मोजत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा "ॲडमिशन कधी घेतलीत?" असं विचारलं आणि पहिलाच धडा शिकवला. तिसऱ्या दिवशीही तोच. त्यामुळे मोजणीदारांचा पहिला धडा असा पक्का झाला, की वर्गात पहिले आले असते. दुसरा धडा मात्र उघडलाच नाही. आठवड्यानं कानपट्टी एका टाक्यावर येऊन संपली. पुढे सुई घालायला जागाच उरली नाही.

त्यांनी ती फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरली.

"बाबा, हा झेंडा कसला?"

"कानपट्टी आहे."

"त्रिकोणी?" लेकीनं फोन डोळ्यांजवळ नेला. "अहो, तुम्ही प्रत्येक ओळीत शेवटचा टाका सोडलाय!"

"कडेचा? तो मोजायचा नसतो."

लेकीनं कपाळावर हात मारला. तिला हे लहानपणापासून ठाऊक होतं. मोजणीदार नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच साहेबांनी त्यांना कानमंत्र दिला होता: हद्दीवरचा दगड आपल्यात धरायचा नाही. तो शेजाऱ्याचा. कटकट नको. पस्तीस वर्षं मोजणीदारांनी तो मंत्र पाळला, आणि तो ऑफिसात ठेवून यायचं राहून गेलं. त्यांनी लावलेल्या पडद्याची शेवटची कडी कायम लोंबकळायची. जिन्याची शेवटची पायरी ते मोजायचे नाहीत, म्हणून रोज तिथं अडखळायचे. शर्टाचं शेवटचं बटण उघडं. बाई ते लावता लावता हसायच्या, "हे शेजाऱ्यानं लावायचं का?"

मोजणीदारांनी पुन्हा सुरुवात केली. कागदावर लिहून ठेवलं, ‘अठरा म्हणजे अठरा’. पण हात ऐकेल तर शपथ! कडेपाशी आला की आपोआप वळायचा. पुन्हा त्रिकोण. तिसऱ्यांदाही त्रिकोण. इकडे बाई रात्रंदिवस कान दाबून कण्हत होत्या. मोजणीदार त्या तीन त्रिकोणांकडे बघून रडले. ज्या माणसानं वेड्यावाकड्या जमिनी कागदावर सरळ केल्या, त्याला बायकोच्या दोन कानांपुरती पट्टी जमू नये?

रडता रडता त्यांना जमिनीच आठवल्या. वाकडी जमीन मोजायची कशी? त्रिकोण पाडून! मग त्रिकोण जोडले की पट्टी का होऊ नये? त्यांनी आणखी तीन विणले. (आता ते मुद्दाम विणले असं म्हणायची सोय झाली.) एक सुलटा, एक उलटा, असे सहाच्या सहा शिवले आणि टोकं जोडली. गोल झाला. दिसायला तालुक्याचा नकाशा, पण जाड, उबदार आणि हातचा.

दुपारी त्यांनी भीत भीत ती कानपट्टी बाईंच्या मांडीवर ठेवली. बाईंनी आधी ती उलटी केली. विणकामाच्या बाई मागची बाजू आधी बघतात. मग कडेवरून नख फिरवत निघाल्या. एक ओळ, दुसरी, तिसरी. नख थांबलं. बाईंच्या चेहऱ्यावर कुठून तरी हसू आलं, जुनं, ओळखीचं.

"अगं बाई! हे तर आमच्या ह्यांचं काम!"

मोजणीदार खुर्चीतून पुढे सरकले. "कशावरून?"

"हे बघा ना, कडेचा टाकाच नाही. कडेचा शेजाऱ्याचा! असं करणारा माणूस जगात एकच आहे हो." त्यांनी कानपट्टी गालाला लावली. "माझ्यासाठी विणली त्यांनी. येत काही नाही, पण बसले असतील बिचारे डोळे फोडत." आणि बाईंनी ती आपल्या हातांनी डोक्यावर चढवली, दोन्ही कान नीट झाकून घेतले.

मोजणीदारांना राहवलं नाही. त्यांनी बाईंचा हात धरला. "अगं, मीच विणली ती. मीच."

बाईंनी हात सोडवून घेतला. त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पिकलेले केस, पडलेले दात, शर्टाचं उघडं बटण, सगळं बघितलं.

"लाज नाही वाटत, आजोबा? दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवता? शून्य मार्क! हे घरी आले ना, की सांगणार आहे त्यांना तुमचं नाव."

"सांगा, बाई," मोजणीदार कसेबसे म्हणाले. "मीही त्यांचीच वाट बघतोय."

"मग नुसते बसू नका." बाईंनी खुर्ची खिडकीकडे वळवली. विटकरी नकाशाखाली कान छान झाकलेले होते. "स्वतःचं काहीतरी विणून दाखवा. अठरा टाके. आणि ह्यांची कॉपी करायची नाही. कडेचासुद्धा मोजायचा."

मोजणीदारांनी डोळे पुसले, सुई घेतली आणि निमूटपणे अठरा टाके घातले. अगदी मन लावून, एकेक मोजत पहिली ओळ विणली.

सतरा भरले.