रसूलभाईंना झालेले रोग

आमच्या वर्गात सकाळी जो रोग शिकवला जाई, तो संध्याकाळपर्यंत रसूलभाईंना झालेला असे.

सोमवारी हिवताप शिकवला, की दिवेलागणीला रसूलभाई दोन घोंगड्या पांघरून कुडकुडत बसलेले. मंगळवारी नारू झाला, की पोटरीवर बोट दाबून म्हणत, "सदाशिवा, इथं बघ. काहीतरी वळवळतंय." मी कंदील जवळ नेऊन बघायचो. डास चावलेला असायचा. "डास? म्हणजे पुन्हा हिवताप!" असं म्हणून ते परत घोंगड्यांत शिरायचे. महारोगाच्या आठवड्यात तर हातात टाचणी घेऊनच फिरत होते. दर घटकेला बोटाला टोचून घ्यायचे आणि कळ आली की खोलीभर नाचायचे. "लागतंय रे! अजून लागतंय!"

"सदाशिवा, आपलं काही खरं नाही," हे त्यांचं रोजचं वाक्य. पुढं निरवानिरव सुरू व्हायची. चांदीची सुरमादाणी मला, छत्री वर्गाच्या शिपायाला, नवा सदरा संगमनेरच्या चुलतभावाला. मी भाकरी करपवली की त्या दिवसापुरती सुरमादाणी शिपायाकडे जायची आणि मला छत्री मिळायची.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. नगरला आरोग्य निरीक्षक तयार करायचा एक वर्ग निघाला होता. गावची विहीर कशी राखायची, उकिरडा कुठं असावा, देवी कशा टोचायच्या, साथ आली की काय करायचं, हे सगळं वर्षभरात शिकून आम्ही तालुक्यातालुक्यांत पांगायचं होतं. मी राहुरीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, नुकताच मॅट्रिक झालेला, नोकरीच्या आशेनं आलेला. वर्गातली बाकीची मुलंही माझ्याच वयाची.

रसूलभाई आतार मात्र पस्तिशीच्या घरातले. घरचा धंदा अत्तराचा. पेटी खांद्याला लावून बाजार करत हिंडायचे. उंच, काटकुळे, डोळ्यांत सुरमा आणि अंगाला वाळ्याचा वास. वर्गात आल्यापासून त्या वाळ्यात जंतुनाशक कार्बोलिकचा वास मिसळला होता, त्यामुळे ते गल्लीच्या तोंडाशी आले की मला खोलीत कळायचं. लग्न केलेलं नव्हतं. माळीवाड्यातल्या एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. एवढा जाणता माणूस धंदा सोडून पोराटोरांत जंतूंची चित्रं काढत का बसलाय, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "एक गोष्ट शिकायची राहिली होती." आणि विषय संपवला.

गंमत अशी, की परीक्षेत पहिला नंबर त्यांचाच. आम्ही लक्षणं पाठ करायचो, त्यांनी ती भोगलेली असायची. डॉक्टरसाहेब, म्हणजे आमचे शिकवणारे, वर्गात आले की हजेरी घेण्याआधी विचारायचे, "आतार, आज काय झालंय तुम्हाला?" रसूलभाई उभं राहून गंभीरपणानं सांगायचे, "साहेब, गोवर संपून घटसर्प लागलाय." वर्ग हसायचा. रसूलभाई हसायचे नाहीत.

मीही हसायचो, पण माझं हसणं वरवरचं होतं. मी लहान असताना आमच्या शेजारच्या वस्तीवर पटकी, म्हणजे कॉलरा, आली होती. सकाळी मोटेवर गाणं म्हणणारा माणूस दिवस मावळायच्या आत गेला होता. लोकांनी त्या वस्तीच्या वाटेवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या होत्या आणि पलीकडून कुणीतरी हाका मारत होतं. त्या हाका माझ्या कानातून कधी गेल्या नाहीत. पुस्तकात पटकीचं पान आलं, की मी ते न वाचताच डाव्या हातानं उलटायचो.

आणि एके दिवशी डॉक्टरसाहेबांनी नेमकं तेच नाव घेतलं.

"कर्जतच्या पुढं एका गावात पटकी सुरू झालीय. मी सलाईनचं सामान जमवून उद्या सकाळी मोटारीनं पोचतो. तोवर दोघांनी पुढं जा. विहिरीत औषध टाका, पाणी उकळायला लावा. आतार, तुम्ही जा. आणि सदाशिव, तू."

रसूलभाईंचा चेहरा चुन्यासारखा झाला. मला वाटलं, आता हे खाली बसणार आणि म्हणणार, साहेब, मलाच झालीय पटकी. पण ते म्हणाले, "जी."

कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार धूर ओकत कर्जतला पोचली. तिथून बैलगाडी. गाडीत औषधाची लाल पेटी, तिच्यावर झाकलेला कपडा, आणि पेटीला दोन्ही हातांनी धरून बसलेले रसूलभाई. मी वाटभर घाबरून बडबडत होतो.

गावाच्या शिवेवर पाचसहा जणांनी आमची गाडी अडवली. हातांत काठ्या, एकाच्या हातात कुऱ्हाड.

"कुठल्या गावचा गाडा ह्यो? फिरवा माघारी!"

मला काही कळेना. गाडीवान कुजबुजला, "त्यांस्नी मरीआईचा गाडा वाटतोय." तेव्हा ध्यानात आलं. पटकी आली की गाव मरीआईचा गाडा करतं आणि रोगराई त्यावर बसवून दुसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडतं. लाल पेटी, वर कपडा. आम्ही शेजारच्या गावाची मरीआई घेऊन आलो आहोत, असं त्यांना वाटलं.

रसूलभाई गाडीत उभे राहिले. "मी मरीआई नाही," ते म्हणाले, "मी रसूल आतार, संगमनेरचा."

कुऱ्हाडवाला त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मिरजगावच्या बाजारात अत्तर इकायला येत हुता, त्ये तुमीच का?"

"व्हय, मीच."

"मंग इतं कशापायी मराया आला?"

असं म्हणत त्यांनी वाट दिली.

आम्ही गावात शिरलो. उन्हं कलली होती, पण कुठं चूल पेटलेली दिसेना. दारं लावलेली, दारांवर लिंबाचे डहाळे. एकही पोर रस्त्यात नाही. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. एका घरातून कुणाच्या तरी कण्हण्याचा आवाज आला आणि आम्ही जवळ जाताच थांबला. मी रसूलभाईंच्या बाहीला धरलं होतं, हे मला विहिरीपाशी गेल्यावर समजलं.

आम्ही बादलीत औषध कालवून विहिरीत सोडलं. पाणी जांभळं-लाल झालं. तेवढ्यात एक म्हातारी घागर घेऊन आली, तिनं खाली वाकून पाहिलं आणि किंकाळी फोडली. "आगं बया! इहिरीत रगात वतलं!"

बंद दारं उघडली. इतकी माणसं त्या घरांत होती, हे तोवर वाटलंच नव्हतं. बघता बघता आमच्याभोवती रिंगण झालं. कुणी म्हणालं, सरकारला माणसं मारायचीत. कुणी म्हणालं, लढाईवर धाडायला रगात काढत्यात. एक दगड येऊन माझ्या पायाशी पडला. आता पटकीच्या आधी आपण दगडांनीच जाणार, असं वाटून मी देवाचं नाव घ्यायला लागलो.

रसूलभाईंनी पोहरा विहिरीत सोडला. पाणी वर काढलं. निम्मं धोतरावरच सांडलं. एरवी हा माणूस तीनदा उकळल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड माझ्या कानाशी आणलं. "सदाशिवा, आपलं काही खरं नाही. सुरमादाणी तुझी." मग सगळ्यांसमोर घटाघटा ते लाल पाणी प्यायले आणि तिथंच विहिरीच्या काठावर बसले.

सगळं गाव त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. मीसुद्धा. थोड्या वेळानं रसूलभाईंना मोठी ढेकर आली. मागून कुणीतरी फिस्कन हसलं. म्हातारी जवळ आली आणि म्हणाली, "कसं लागतं रं?"

"गंजल्यासारखं," रसूलभाई म्हणाले. "पण उकळून घ्या, मावशी. मी मूर्ख हाय म्हणून तसंच प्यालो."

त्यानंतर गाव आमचं ऐकायला लागलं. एकेका घरी जाऊन पाणी उकळायला लावत आम्ही गावाच्या टोकाला आलो. तिथं एका घरासमोर वीस-बावीस वर्षांचा एक गडी अंगणात उकिडवा बसला होता. नाव भिवा. आतून बारीक आवाज येत होता, "पानी... पानी दे रं."

"कोण आहे आत?" मी विचारलं.

"आय हाय," भिवा म्हणाला. त्याची नजर जमिनीवर. "सकाळधरनं वकतीय. समदी म्हनत्यात पानी दिऊ नगं, पान्यानं वाढतंय. आन आत जाऊ नगं."

रसूलभाई दाराकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता हे मागं फिरणार. मनातून तर मला तेच हवं होतं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, मला म्हणाले, "चूल पेटव. पाणी उकळ. तांदळाची पेज कर, मीठ टाकून," आणि वाकून आत गेले.

मी अंगणात तीन दगड मांडले. पाणी उकळून, निववून उंबरठ्यापर्यंत न्यायचो, ठेवायचो आणि मागं सरायचो. आत पाऊल टाकायचं माझं धाडस झालं नाही. दारातून दिसत होतं, की टाचणीनं बोट टोचून बघणारे रसूलभाई त्या बाईचं अंग पुसत होते, तिच्याखालचं घोंगडं बदलत होते, चमच्याचमच्यानं पाणी तिच्या ओठांत सोडत होते. ती ओकत होती, ते थांबत होते आणि पुन्हा सोडत होते. भिवा अंगणातच बसून होता. एकदा तो उठला, दारापर्यंत आला आणि परत फिरला. मला त्याच्याकडे बघवेना, कारण मीही त्याच्यासारखाच बाहेर होतो.

अंधारून यायच्या सुमाराला रसूलभाई हात धुवायला बाहेर आले. कार्बोलिकच्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून, माझ्याकडे न बघताच बोलायला लागले.

"माझी आई अशीच गेली. मी सतरा वर्षांचा होतो. अशीच पाणी मागत होती. लोक म्हणाले, देऊ नकोस. मी दिलं नाही. दाराबाहेर उभा राहून सगळं ऐकलं."

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"वर्गात आलो ना, पहिल्याच आठवड्यात डॉक्टरसाहेबांना एकटं गाठून विचारलं, पटकीच्या रोग्याला पाणी द्यावं का? साहेब म्हणाले, द्यावं म्हणजे काय, द्यायलाच पाहिजे, त्याच्याशिवाय माणूस सुकून जातं." त्यांनी हात झटकले. "एवढंच शिकायचं होतं मला. मग म्हटलं, आलोच आहे तर बाकीचं पण शिकू."

पेजेची वाटी घेऊन ते परत आत गेले.

सकाळी डॉक्टरसाहेबांची मोटार आली. त्यांनी बायजाबाईला, म्हणजे भिवाच्या आईला, सलाईन लावलं आणि नाडी बघून रसूलभाईंना म्हणाले, "हिला इथवर तुम्ही आणलंत." मग ते दुसऱ्या घरांकडे गेले. बाईच्या खोल गेलेल्या डोळ्यांत दुपारपर्यंत हळूहळू तेज आलं. तिनं मान वळवली. खाटेशी रसूलभाई होते, दारात मी, आणि माझ्या मागं भिवा.

"मला पानी कुनी पाजलं रं?" तिनं विचारलं. आवाज जेमतेम निघत होता. "डोळं उघडत न्हवतं. पर कुनीतरी पाजत हुतं."

माझ्या मागं भिवा एक पाऊल मागं सरला.

"भिवानं," रसूलभाई म्हणाले. "आम्ही नुसतं सांगत होतो. पाजलं सगळं त्यानं."

बाईनं हात थोडासा उचलला. भिवा मला बाजूला सारून आत गेला, खाटेशी बसला आणि त्यानं डोकं घोंगड्यात खुपसलं. तिचा हात त्याच्या केसांवर पडून राहिला. रसूलभाईंनी रिकामी वाटी उचलली आणि बाहेर पडले.

मी थोड्या वेळानं त्यांच्या मागं गेलो. ते घराच्या पाठीमागं, कापलेल्या ज्वारीच्या धसकटांत, माझ्याकडे पाठ करून उभे होते. वाटी हातातच होती. मी जवळ गेलो.

"ती बाई पुन्हा विचारेल," ते म्हणाले. "तूही हेच सांग."

"सांगेन, रसूलभाई."

"आणि भिवाला सांग, असंच घडलं म्हणून मनात धर. पुढं फार वर्षं काढायची असतात माणसाला."