दिनकररावांचा पेचकस

दिनकरराव माणसाच्या आधी त्याच्या यंत्राची चौकशी करतात. माझ्याकडे चहाला आले की सरळ फ्रीजपाशी जातात. हातभर लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक फ्रीजच्या पाठीला लावतात, लाकडी मूठ उजव्या कानात दाबतात, डाव्या कानात बोट घालतात आणि डोळे मिटतात. मग निकाल येतो, "वहिनी, याले आणखी सहा वर्षं काही होत नाही." तोवर माझा चहा गार झालेला असतो.

प्रताप नगरात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर आहे. सारी नोकरी पाण्याच्या पंपांवर झाली, तिथेच हा पेचकस कानाला चिकटला. गल्लीतले कूलर, मिक्सर, बोअरच्या मोटरी, सगळ्यांची तपासणी फुकट. एकदा माझा खोकला थांबेना तर पेचकस घेऊन माझ्याकडेच निघाले. "खबरदार," मी म्हटलं, "मी मोटर नाही." "आवाज तर तसाच येऊन राहिला," म्हणाले आणि मागे सरले. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "आजाराले बोलू द्या, मधात तोंड घालू नका."

त्यांच्या स्वतःच्या गाडीचा आजार मात्र बोलायला तयार नव्हता. पंचवीस वर्षांची छोटी पांढरी गाडी. चालू केली की सगळं अंग थरथरायचं. अ‍ॅक्सिलरेटरवर पायाने जोर दिला की नीट चालायची आणि पाय उचलला की बंद. म्हणजे रस्ता मोकळा असेल तोवर राणी, सिग्नल आला की मेली.

उन्हाळ्यात त्यांच्या बायकोचं, सुमनताईंचं, धंतोलीत गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडलं त्या दिवशी मुलगी म्हणाली, टॅक्सी बोलावते. दिनकरराव म्हणाले, घरची गाडी असताना टॅक्सी कायले? ती घरची गाडी धंतोलीच्या चौकात चार वेळा बंद पडली. टाके ताजे, डोक्यावर ऊन, मागे हॉर्न. आणि हे बॉनेट उघडून, कानाला पेचकस लावून, डोळे मिटून उभे. शेवटी मुलीने आईला ऑटोत बसवलं आणि सावनेरला आपल्या घरी घेऊन गेली.

गुडघा बरा झाला. सुमनताई चालायला लागल्या, पण आल्या नाहीत. निरोप तेवढा आला, "न्याले याच गाडीनं या. रस्त्यात बंद पडली तर मी तिथूनच वापस जाईन."

मग दिनकरराव गाडीच्या मागे लागले. प्लग बदलले. कार्ब्युरेटर खोलून धुतला, पुन्हा खोलला, पुन्हा धुतला. टाकी साफ केली. नाक्यावरचा गाड्यांचा मिस्त्री आपणहून आला तर त्याला फाटकातूनच घालवलं. "तो ऐकत नाही, नुसता खोलते." पावसाळा गेला, थंडी सुरू झाली. जेवणाला बहुतेक चिवडा. मी भाजी पाठवायची, डबा धुऊन परत यायचा.

एक दिवस मी सरळ सांगितलं, "गाडी भंगारात द्या आणि बसने जाऊन बायकोचे पाय धरा."

"पाय कसे धरू? गुडघ्याले धक्का लागंल."

अशा माणसाशी काय बोलणार!

एका सकाळी त्यांनीच भिंतीवरून हाक मारली. "वहिनी, जरा गाडीत बसा. मी समोर गेलो का बंद पडते. तुम्ही पायानं दाबून ठेवा."

मी जन्मात स्टिअरिंगसमोर बसले नव्हते. बसले आणि दाबलं. गाडी अशी ओरडली की गल्लीतलं कुत्रं पळालं.

"हळू! मिरच्या कांडून राहिल्या काय?"

पाय जरा सैल केला. इंजिन थरथरायला लागलं, आणि त्या थरथरीत मला दुसरंच काही ऐकू आलं.

"दिनकरराव, हे फुसफुसतंय काय?"

ते बॉनेटखाली वाकलेले. एका कानात मूठ, दुसऱ्यात बोट. मी हॉर्न दाबला तेव्हा दचकून वर बघितलं.

"फुसफुस येतेय," मी म्हटलं. "कुकरची रिंग गेली की येते तशी. तुम्हाला माझं ऐकू येत नाही, ती काय येणार?"

एरवी तासभर वाद घातला असता. त्या दिवशी पेचकस खाली ठेवला आणि नुसत्या कानाने वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते. मग आत हात घातला. बोटाएवढा रबरी पाईप होता, खालच्या अंगाने चिरलेला. त्यावर अंगठा दाबला आणि इंजिन शांत झालं. अंगठा काढला, पुन्हा थरथर. ठेवला, शांत.

"इथून हवा घेऊन राहिली होती," ते म्हणाले. "अन् मी लोखंडाले विचारत होतो."

नवा पाईप त्याच मिस्त्रीकडून आणावा लागला. मिस्त्री खूप हसला म्हणे.

दुपारी पुन्हा फाटकात हजर. "चला वहिनी, धंतोलीले."

"मी काहून?"

"सुमनएवढंच वजन आहे तुमचं."

चौकात लाल दिवा लागला. गाडी थांबली, बंद पडली नाही. दिवा हिरवा झाला. आम्ही वळसा घालून पुन्हा त्याच चौकात आलो, पुन्हा थांबलो. असं तीनदा झाल्यावर मी म्हटलं, "आता काय मुक्काम करायचा इथे?"

"आणखी एकदा."

चौथ्यांदा थांबलो तेव्हा ते समोर बघतच बोलले, "इथंच बसली होती ती. पाणी मागून राहिली होती. तीनदा मागतलं, पोरीनं मग सांगितलं. माह्या कानात बोट होतं."

 

रविवारी सकाळी ते एकटेच सावनेरला गेले. मी दिवसभर घरापुढच्या ओट्यावर, गहू निवडायचं निमित्त करून. चारच्या सुमारास पांढरी गाडी त्यांच्या फाटकासमोर येऊन उभी राहिली. पुढच्या सीटवर सुमनताई. त्या हात उडवून तावातावाने काही सांगत होत्या. बहुधा सावनेरपासून सांगत आल्या असाव्यात, आणि अजून निम्मंही झालं नसावं. दिनकरराव त्यांच्याकडे पूर्ण वळून बसले होते, हात मांडीवर. मध्येच मान हलवत होते.

फाटक उघडायला मी उठले आणि पुन्हा खाली बसले. गाडी उभ्याउभ्या चालूच होती, पेट्रोल जळत होतं. जळू दिलं.